रिअल-टाइम लॉगिंग आणि मॉनिटरिंगची सेवा मुंबईतून उभी करतोय, सल्ला हवा

कळवेकर (धागालेखक)

नमस्कार मंडळी. मी आणि माझा एक मित्र मिळून कंपनी काढतोय. मी बरीच वर्षं लोअर परळच्या एका ब्रोकरेजमध्ये बॅकएंड सांभाळलं, मित्र अंधेरीला एका एनबीएफसीत (बँक नसलेल्या वित्तसंस्थेत) डेटाबेस बघायचा. दोघांनीही एकच चित्र पाहिलंय. सकाळी ९:१५ला बाजार उघडतो, पहिल्या काही मिनिटांत ऑर्डर अडकायला लागतात, ग्राहकांचे फोन खणखणतात आणि नेमकं कुठे अडकलंय हे शोधायला चार जण चार सर्व्हरवर शिरून फाइली चाळत बसतात. उत्तर हाती येईपर्यंत सकाळची गर्दी ओसरलेली असते. नुकसान व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

आम्हाला असं काहीतरी द्यायचंय की ॲप्लिकेशनमधून लॉगची ओळ (काय घडलं याची नोंद) निघाली की लगेच आमच्याकडे यावी, एकाच ठिकाणी शोधता यावी आणि ठरवलेली अट भरली की त्याच क्षणी जबाबदार माणसाला कळावं. प्रोटोटाइप चालतोय. तीन गोष्टींवर अडलोय: साठवण कशात करायची, पैसे कशावर आकारायचे आणि पहिले ग्राहक कुठे शोधायचे. शिवाय जो भेटतो तो विचारतो, "ईएलके (इलॅस्टिकसर्च, लॉगस्टॅश, किबाना) फुकट मिळतं की, तुम्हाला पैसे का द्यायचे?" याला सरळ उत्तर काय द्यावं?

रात्रपाळी

अभिनंदन आणि शुभेच्छा. मी याच कामात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ईएलकेबद्दल. इलॅस्टिकसर्च २०१० साली आलं. ते शोधासाठी बनवलेलं इंजिन आहे आणि त्यात फार चांगलं आहे. पण ते प्रत्येक शब्दाची अनुक्रमणिका बांधतं. लॉगच्या बाबतीत ही चैन परवडत नाही, कारण शंभरातल्या नव्व्याण्णव ओळी कुणी कधीच उघडून बघत नाही. अनुक्रमणिका आणि तिची दुसरी प्रत धरली की मूळ डेटापेक्षा जास्त डिस्क लागते, मेमरी लागते आणि ते सगळं नीट चालू ठेवायला एक माणूस कायमचा लागतो. फुकट सॉफ्टवेअरचा खर्च तो हा. तुमच्या ग्राहकाला हेच उत्तर द्या, पण त्याच्याच सर्व्हरचं बिल आणि त्याच्याच माणसांचे तास मांडून द्या.

परवान्याचा इतिहासही माहीत असू द्या. जानेवारी २०२१मध्ये इलॅस्टिकने अपाचे हा मोकळा परवाना सोडला, त्यावरून ॲमेझॉनने ओपनसर्च ही वेगळी शाखा काढली आणि २०२४मध्ये इलॅस्टिकने एजीपीएल या खुल्या पण कडक अटींच्या परवान्याचा पर्याय आणला. ग्राफाना लोकी हे लॉग साठवायचं साधनही २०२१पासून एजीपीएलवर आहे. सेवा विकणाऱ्याने पाया निवडताना हे वकिलाकडून तपासून घ्यायलाच हवं.

आता साठवण. स्वतःचा डेटाबेस लिहू नका, यावर मी ठाम आहे. लोकी फक्त लेबलांची अनुक्रमणिका ठेवतं आणि मजकूर दाबून (कॉम्प्रेस करून) ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, म्हणजे क्लाउडच्या स्वस्त फाइल-गोदामात टाकतं. स्वस्त पडतं, पण लेबलात युजर आयडीसारखं काही घातलं की कोसळतं. क्लिकहाउस हा डेटाबेस यांडेक्स या रशियन कंपनीत घडला, २०१६ला खुला झाला, परवाना अपाचे. स्तंभांनुसार साठवत असल्यामुळे सारख्या ओळी प्रचंड दाबल्या जातात. मी तुमच्या जागी असतो तर क्लिकहाउस घेतलं असतं. एक पथ्य मात्र पाळा: त्यात एकेक ओळ घालायची नाही. हजारोंच्या गठ्ठ्यांनी घाला, नाहीतर तुकडे इतके वाढतात की ते नवीन डेटा घ्यायलाच नकार देतं. म्हणून मध्ये काफ्का किंवा तसलीच एखादी रांग लागतेच.

हिशोब करून बघा. ५०० बाइटची एक ओळ, सेकंदाला सरासरी २,००० ओळी. म्हणजे सेकंदाला १ एमबी, दिवसाला ८६ जीबी. १८० दिवसांचे साडेपंधरा टीबी. दहापट दाबले गेले असं धरलं तर दीड टीबी. ॲमेझॉन क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये (तिथल्या डेटा सेंटरांच्या गटात) एस३ या ऑब्जेक्ट स्टोरेजचा जीबीमागे महिन्याचा दर अडीच सेंटच्या आसपास आहे, म्हणजे महिन्याला चाळीस डॉलर. आता हेच डेटाडॉग या परदेशी मॉनिटरिंग सेवेच्या दरपत्रकावर लावा. तिथे लॉग आत घेण्याचे वेगळे आणि शोधता येतील असे ठेवण्याचे वेगळे पैसे लागतात. पंधरा दिवसांसाठी ठेवायला दहा लाख ओळींमागे १.७० डॉलर धरले तर महिन्याच्या ५१८ कोटी ओळींचे ८,८०० डॉलर होतात. साठवणीचा खरा खर्च आणि ग्राहकाकडून घेतली जाणारी रक्कम यांच्यातली ही दरी म्हणजे तुमची जागा. त्यात शोधासाठीची यंत्रं, माणसं, सपोर्ट सगळं बसवायचंय, हे विसरू नका.

शिवडी_बंदर

वरच्या हिशोबाला अनुमोदन. कळवेकर, "रिअल-टाइम" म्हणजे नेमके किती सेकंद? हे आकड्यात ठरवल्याशिवाय रचना ठरणार नाही.

कळवेकर

चांगला प्रश्न. आम्ही तीन वेगळे आकडे धरलेत. समोर वाहत्या ओळी बघायच्या असतील तर दोन सेकंद. अलर्टला दहा सेकंद. शोधात सापडायला अर्धा मिनिट चालेल. सध्या अलर्टची तपासणी आम्ही दर मिनिटाला डेटाबेसवर प्रश्न टाकून करतोय.

रात्रपाळी

मग ते बदला. अलर्ट डेटाबेसच्या आधी, वाहत्या प्रवाहावरच तपासा. डेटाबेस हळू झाला की अलर्टही हळू होतात, आणि नेमक्या गर्दीच्या वेळीच तो हळू होतो. रांगेतून एक शाखा अलर्टकडे, एक साठवणीकडे, एक थेट स्क्रीनकडे.

आणखी एक, हे परदेशी साधनांत आपल्याला नेहमी नडतं: वेळ यूटीसीमध्येच (जागतिक प्रमाणवेळेत) साठवा, पण गट पाडताना भारतीय वेळेचं भान ठेवा. आपली वेळ साडेपाच तास पुढे. ९:१५ म्हणजे यूटीसीचे ३:४५. यूटीसीच्या तासांनी आलेख काढला की ९:१५ची उसळी साडेआठ ते साडेनऊच्या डब्यात जाऊन सपाट होते. आणि दिवसाचं विभाजन पहाटे साडेपाचला बदलतं, तेव्हा मध्यरात्रीनंतरचे बॅच जॉब आदल्या दिवसाच्या खात्यात जातात.

नीलमोहर

मी वित्तीय कंपन्यांच्या कम्प्लायन्समध्ये काम करते. तंत्राचं मला फार कळत नाही, पण "ग्राहक कुठे" या प्रश्नाचं उत्तर माझ्या टेबलावर पडलेलं आहे, म्हणून लिहिते.

सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२चे निर्देश वाचा. सगळ्या आयसीटी (माहिती-संपर्क) यंत्रणांचे लॉग चालू ठेवायचे आणि मागचे १८० दिवस कायम हाताशी असले पाहिजेत. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची. सर्व्हरची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळलेली हवीत. मूळ निर्देशात लॉग भारतात ठेवा असं होतं. नंतरच्या खुलाशात, मागितल्यावर देता येत असतील तर बाहेरही चालतील असं आलं. प्रत्यक्षात कुठलाही ऑडिटर पहिला प्रश्न "डेटा कुठे आहे" हाच विचारतो, आणि "मुंबईत" हे उत्तर दिलं की बैठक तिथेच निम्मी होते.

आता ब्रोकरांचं. सेबीने नोव्हेंबर २०२२मध्ये ब्रोकरांच्या तांत्रिक बिघाडांसाठी चौकट आणली. सलग पाच मिनिटं किंवा जास्त काळ व्यवहारयंत्रणा थांबली, मंदावली किंवा वेगळी वागली तर तो बिघाड धरला जातो आणि ठरलेल्या मुदतीत एक्स्चेंजला कळवावं लागतं. त्याच परिपत्रकात "लामा" आहे, म्हणजे एपीआयवर (दोन प्रोग्रामांमधल्या थेट जोडणीवर) चालणारी लॉगिंग आणि मॉनिटरिंग यंत्रणा. निर्दिष्ट ब्रोकरांच्या यंत्रणांचे महत्त्वाचे मापदंड एक्स्चेंज स्वतः रिअल-टाइम बघणार, अशी ती कल्पना. त्या मापदंडांचे लॉग एरवी ३० दिवस आणि बिघाड झाला तर त्यासंबंधीचे २ वर्षं जपायचे.

कळवेकर, तुम्ही ज्या सकाळी ९:१५च्या धावपळीबद्दल लिहिलंत, तिला अशी नियमाची बाजू आहे. त्या मुदतीत अहवाल लिहायला बसलेल्या माणसाला सुंदर आलेख नको असतो. त्याला कधी सुरू झालं, कधी थांबलं, किती ऑर्डर अडकल्या आणि पुरावा कुठे आहे, एवढंच हवं असतं. ते एका बटणावर मिळणार असेल तर त्याचे पैसे द्यायला मी स्वतः व्यवस्थापनाकडे शिफारस करेन.

शिवडी_बंदर

नीलमोहरताई, फार मोलाची माहिती. माझ्यासाठी ही या धाग्यातली सर्वांत महत्त्वाची पोस्ट.

सह्यकडा

मला थोडं वेगळं म्हणायचंय. या बाजारात आधीच मोठे लोक आहेत. स्प्लंक ही लॉग शोधण्याचं सॉफ्टवेअर विकणारी २००३ची कंपनी, सिस्कोने २८ अब्ज डॉलरच्या व्यवहारात ती घेतली, २०२४मध्ये तो पूर्ण झाला. मॉनिटरिंगवाली न्यू रेलिक २०२३मध्ये साडेसहा अब्जांना खाजगी गुंतवणूकदारांकडे गेली. लॉगली, पेपरट्रेल या लहान पण चांगल्या सेवा शेवटी सोलरविंड्स या मोठ्या कंपनीच्या पोटात गेल्या. आपल्याकडचीच सिग्नॉझ ओपनटेलिमेट्री (मोजमापं आणि लॉग गोळा करण्याचं खुलं मानक) आणि क्लिकहाउसवर खुल्या सॉफ्टवेअरमध्ये छान काम करतेय. दोन माणसांनी पुन्हा तेच का बांधायचं? आधी सल्लागार म्हणून काम करा, दहा कंपन्यांचं मॉनिटरिंग उपलब्ध साधनांवर बसवून द्या. पैसाही येईल आणि कुठे दुखतंय तेही कळेल.

रात्रपाळी

सह्यकडा, यादी बरोबर आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. या कंपन्या विकल्या गेल्या त्या मागणी होती म्हणून. आणि त्यांच्यातली कुणीही भारतीय ब्रोकरच्या बिघाडाच्या अहवालासाठी उत्पादन बनवलेलं नाही. सल्लागारीचा धोका असा की प्रत्येक ग्राहकाकडे वेगळी बांधणी होते आणि उत्पादन कधीच पुढे सरकत नाही. तरी पहिल्या दोन-तीन ग्राहकांकडे शेजारी बसून काम करावं, याला माझा पूर्ण पाठिंबा.

बोरिवली_स्लो

मी सॉफ्टवेअर विकतो, गेली बरीच वर्षं बीकेसी आणि फोर्टच्या पायऱ्या चढतोय. पैशांबद्दल.

जीबीवर दर लावू नका. ग्राहकाच्या यंत्रणेत गडबड झाली की लॉग दसपट वाढतात, म्हणजे ज्या दिवशी त्याचं नुकसान झालं त्याच दिवशी तुमचं बिल फुगतं. फायनान्सवाला हे एकदाच सहन करतो. मग तो लॉग कमी करायला सांगतो आणि पुढच्या बिघाडाला नेमकी हवी ती ओळच नसते. इथल्या मध्यम कंपन्यांना वर्षाचं बजेट आधी मंजूर करून घ्यावं लागतं. त्यांना स्थिर रक्कम द्या: इतक्या सेवा, सेकंदाला इतक्या ओळींची सरासरी, इतके दिवस साठवण, वर्षाचे इतके रुपये. रुपयांत. डॉलरमधलं बिल म्हणजे फायनान्सला दर महिन्याला नवा आकडा. उसळीचा खर्च तुम्ही गिळा. वरच्या हिशोबावरून तो परवडेल असं दिसतंय.

विक्रीला वेळ लागेल. तंत्रप्रमुखाला पहिल्याच भेटीत आवडेल, मग इन्फोसेक (माहिती सुरक्षा), मग खरेदी विभाग, मग कायदा. माहिती सुरक्षेचं आयएसओ २७००१ प्रमाणपत्र नसेल तर बऱ्याच ठिकाणी फाइल पुढे हलणारच नाही, त्यामुळे ती तयारी आजपासून धरा. त्रयस्थाकडून पेनिट्रेशन टेस्टचा (यंत्रणेत घुसता येतं का या चाचणीचा) अहवालही लागेल.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) पहिल्या आठवड्यात करा. २००६च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. १९६१च्या आयकर कायद्यात ४३बीच्या एच कलमाने त्याला दात दिले: मुदतीत पैसे दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजावट नाही. इन्व्हॉइसवर उद्यम क्रमांक छापा. मोठ्या कंपनीच्या अकाउंट्सला तो दिसला की चेक हलतो, हे मी पाहिलंय.

जुना_खांब

तरुणांनो, एका जुन्या माणसाचं ऐका. लॉग लिहायचं सिसलॉग एरिक ऑलमन यांनी बर्कलीत १९८०च्या दशकात सेंडमेल या ईमेल सॉफ्टवेअरसाठी केलं. त्यात ० ते ७ अशा आठ पातळ्या, शून्य म्हणजे यंत्रणा निकामी आणि सात म्हणजे डीबग. २००९च्या आरएफसी ५४२४ या इंटरनेट मानकात त्याच आहेत. इतक्या वर्षांनी अडचणही तीच: डेव्हलपर काहीही झालं की एरर लिहितो. ग्राहकाने चुकीचा पासवर्ड टाकला तरी एरर, डेटाबेस गेला तरी एरर. त्या पातळीवर अलर्ट लावला की दिवसाला शेकडो येतात, आठवड्यात माणूस ते म्यूट करतो आणि खरा अलर्ट त्यातच बुडतो.

म्हणून अलर्ट ग्राहकाला जे जाणवतं त्यावर लावा. ऑर्डर टाकल्यापासून एक्स्चेंजची पोच येईपर्यंतचा वेळ. लॉगइन यशस्वी होण्याचं प्रमाण. पेमेंट गेटवेकडून उत्तर न आलेल्या विनंत्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शांततेचा अलर्ट. ९:१६ला ऑर्डरच्या ओळी येतच नाहीयेत, हे एररच्या हजार ओळींपेक्षा भयंकर आहे. एरर मोजणाऱ्या साधनाला हे दिसतच नाही, कारण मोजायला काही नसतं.

माणसाला उठवायचं कसं, याचाही विचार करा. ईमेल कुणी बघत नाही. एसएमएस पाठवायचा तर ट्रायच्या नियमांप्रमाणे डीएलटी या टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेवर तुमची संस्था, हेडर आणि मजकुराचा साचा नोंदवावा लागतो. साच्यात न बसणारा एसएमएस पोचतच नाही, आणि अलर्टचा मजकूर तर दर वेळी वेगळा. त्यामुळे साचा आखूड आणि ठरावीक ठेवा, तपशिलासाठी दुवा. दोन मिनिटांत पोच दिली नाही तर फोन कॉल, तरी नाही तर त्याच्या वरच्या माणसाला.

कळवेकर

जुना_खांब काका, शांततेचा अलर्ट आमच्या यादीत नव्हता. तो आता पहिल्या आवृत्तीतच घालतो. साधा "शून्य ओळी" नियम पुरणार नाही असं वाटतंय, कारण शनिवार-रविवार आणि बाजाराच्या सुट्ट्यांना शून्यच असतं. म्हणजे एक्स्चेंजच्या सुट्ट्यांचं कॅलेंडर उत्पादनातच हवं. आणि दिवाळीचा मुहूर्ताचा सौदाही, तो तर सुट्टीच्या दिवशी.

तिसरी_घंटा

अजून कुणी डेटाच्या आतल्या मजकुराबद्दल बोललं नाही. लॉगमध्ये लोक काय काय लिहून ठेवतात ते तुम्हाला लवकरच दिसेल: पॅन, आधार, ओटीपी, अख्खी विनंती जशीच्या तशी. मे २०१८मध्ये ट्विटरने ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदला म्हणून सांगितलं, कारण पासवर्ड न झाकता अंतर्गत लॉगमध्ये लिहिले जात होते. त्यांच्याकडे हे होऊ शकतं तर गोरेगावच्या दोनशे माणसांच्या कंपनीत नक्की होतं. त्यात २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, दंडाची कमाल २५० कोटी रुपये. कार्ड क्रमांक तर ऑक्टोबर २०२२पासून व्यापाऱ्याने साठवायचेच नाहीत, आणि लॉग हीसुद्धा साठवणच.

तुमच्यापर्यंत आल्यावर झाकू म्हणालात तर उशीर झालेला असतो. झाकण्याचं काम ग्राहकाच्या सर्व्हरवर, एजंटमध्येच (लॉग गोळा करून पाठवणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये) व्हायला हवं. पॅनचा साचा सरळ आहे: पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर. आधारच्या बारा अंकांत शेवटचा अंक व्हरहॉफ पद्धतीने तपासता येतो आणि कार्डासाठी लूनची पद्धत आहे. या तपासण्या लावल्या की ऑर्डर क्रमांक उगाच झाकले जाण्याचं प्रमाण खूप खाली येतं. आणि झाकलेल्या जागी नुसत्या फुल्या टाकू नका. ग्राहकाच्याच किल्लीने बनवलेला हॅश (मूळ मजकूर परत न काढता येणारा सांकेतिक क्रमांक) टाका, म्हणजे एकाच माणसाच्या सगळ्या ओळी जुळवता येतात पण तो कोण हे तुम्हाला कळत नाही. माझ्या मते विक्रीच्या पहिल्या पानावर हे यायला हवं.

एजंट स्वतः लिहू नका, फ्लुएंट बिट किंवा ओपनटेलिमेट्री कलेक्टर असा तयार खुला एजंट घ्या आणि त्यावर तुमचं झाकण्याचं काम बसवा. ग्राहकाला सांगता येतं की उद्या आम्हाला सोडलंत तरी कोड बदलावा लागणार नाही. एजंटने किती मेमरी खायची याला कडक मर्यादा घाला. तुमच्याकडे पाठवता येत नसेल तर डिस्कवर ठरावीक जागेपर्यंत साठवावं, ती भरली की जुनं टाकून द्यावं आणि किती टाकलं याची नोंद पाठवावी. ऑर्डर यंत्रणेला लॉग पाठवण्यासाठी एक मिलिसेकंदही थांबावं लागता कामा नये.

कळवेकर

तिसरी_घंटा, मनापासून आभार. हॅशची कल्पना मित्राला लगेच पाठवली.

आता मला सतावणारा प्रश्न. आम्हीच बंद पडलो तर? ग्राहकाचा क्लाउड मुंबई रीजनमध्ये, आमचाही तिथेच. रीजन गेला तर दोघंही एकदम जाणार, आणि ग्राहकाला आमची गरज नेमकी तेव्हाच.

रात्रपाळी

याचं जाहीर उदाहरण आहे. २५ नोव्हेंबर २०२०ला एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉन क्लाउडच्या) उत्तर व्हर्जिनिया रीजनमध्ये किनेसिस ही वाहता डेटा हाताळणारी सेवा कोलमडली. मॉनिटरिंगची सेवा क्लाउडवॉच तिच्यावर अवलंबून, त्यामुळे मॉनिटरिंग आंधळं झालं. सेवा चालू आहेत की नाही हे सांगणाऱ्या पानावर माहिती टाकायचं साधनसुद्धा कॉग्निटो या लॉगइन सेवेमार्फत त्याच साखळीत अडकलेलं होतं, त्यामुळे सुरुवातीला ग्राहकांना सांगायलाही उशीर झाला.

तुम्ही सगळं दोन रीजनमध्ये चालवू शकणार नाही, खर्च झेपणार नाही. पण अलर्टची शाखा छोटी असते. ती हैदराबाद रीजनमध्ये समांतर चालवा, नोव्हेंबर २०२२पासून तो उपलब्ध आहे आणि डेटा देशातच राहतो. एजंट तिकडे फक्त मोजमापं पाठवेल, पूर्ण ओळी नाहीत. तुमचं स्थिती सांगणारं पान तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर ठेवा. आणि एक अलर्ट असा लावा जो कायम वाजत असतो. तो बाहेरच्या सेवेला दर मिनिटाला पोचायलाच हवा, थांबला की ती सेवा तुम्हाला फोन करते. प्रोमिथियस हे खुलं मॉनिटरिंग साधन वापरणारे हे सर्रास करतात.

सह्यकडा

वाचतोय आणि माझं मत थोडं बदलतंय. सर्वसाधारण मॉनिटरिंग विकायला निघालात तर माझी शंका कायम आहे. ब्रोकर आणि एनबीएफसी यांच्यासाठीच, झाकलेला डेटा, १८० दिवस, तासाभरात अहवाल, एवढंच घेऊन निघालात तर मी माझ्या कंपनीत तुमची भेट घालून द्यायला तयार आहे. आम्ही ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये आहोत.

कळवेकर

सह्यकडा, नक्की येतो. व्यनि केलाय.

एक शेवटची अडचण. ज्या दोन ब्रोकरांशी बोललो, दोघांनीही सांगितलं की लॉग आमच्या आवाराबाहेर जाणार नाहीत. म्हणजे त्यांच्या सर्व्हरवर बसवून द्यायचं का? मग दर ग्राहकाला वेगळं अद्ययावत करत बसण्यातच आम्ही संपू.

नीलमोहर

आवार म्हणजे प्रत्येक वेळी त्यांची सर्व्हर रूमच असते असं नाही, हे आधी विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी त्यांच्या नावावरचं क्लाउड खातं चालतं. क्लिकहाउस आणि डेटा त्यांच्या खात्यात, किल्ल्या त्यांच्या हातात, क्लाउडचं बिलही थेट त्यांच्या नावावर. तुमच्याकडून फक्त सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती जाते आणि यंत्रणेच्या तब्येतीचे आकडे तुमच्याकडे येतात. असा करार मी तपासला आहे. त्यात आमचा आग्रह दोन गोष्टींचा होता: तुमच्या माणसाने आत शिरायचं तर दर वेळी आमच्या माणसाची मंजुरी आणि वेळेची मर्यादा, आणि आत शिरून काय पाहिलं याचा लॉग, जो तुम्हाला पुसता येणार नाही.

पायलट मागताना ऑर्डर यंत्रणा मागू नका, ती कुणी देणार नाही. केवायसी (ग्राहकाची ओळख तपासणी) किंवा पे-इनची (पैसे जमा करण्याची) एखादी सेवा मागा. तिथे वैयक्तिक डेटा सर्वांत जास्त, त्यामुळे तुमचं झाकण्याचं काम चांगलं तपासलं जाईल, आणि ती पाच मिनिटं बंद पडली तरी बाजार थांबत नाही. पायलटच्या शेवटी इन्फोसेकच्या माणसाला शोधाच्या खिडकीत स्वतःचा पॅन टाइप करायला सांगा. तो कुठेच सापडायला नको.